टेबलाखालची तार

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या वेळी मी दिल्लीत एका सरकारी कार्यालयात काम करीत होतो. मार्च महिना म्हणजे सरकारी कचेऱ्यांतला धांदलीचा काळ. वर्षअखेरीचा एक मागणीपत्रक वरिष्ठ कार्यालयाकडे सायंकाळी पाचच्या आत संगणकावरून पाठवावयाचा होता. आणि दुपारी दोनच्या सुमारास माझ्या टेबलावरचा संगणक बाहेरच्या जगापासून एकाएकी तुटला. पडदा उजळलेला होता, अक्षरे उमटत होती. परंतु कागद बाहेर जाईना की आत येईना. मी संगणक विभागातल्या मुलाला फोन लावला. हा मुलगा इंदूरचा, मराठी घरातला, कंत्राटावर नेमलेला. चार मजल्यांवरच्या सर्व संगणकांची देखभाल त्याच्या एकट्याच्या गळ्यात होती. त्याने आदबीने विचारले, "साहेब, मागची तार नीट बसली आहे ना?"

हा प्रश्न ऐकून माझा पारा चढला. एम. ए. झालेल्या, पंधरा वर्षे सरकारी चाकरी केलेल्या माणसाला एवढेही कळत नाही असे या पोराला वाटते काय! "सगळे नीट आहे, तू आधी इकडे ये," असे म्हणून मी फोन आपटला. टेबलाखाली मी वाकून पाहिले नव्हते, हे सांगावयास आज संकोच वाटतो. पण खरे ते खरे. मी 'नीट आहे' म्हटल्यावर त्याने बिचाऱ्याने बिघाड दुसरीकडे शोधावयास आरंभ केला. हा मजला, तो मजला, जिन्याखालची पेटी असे करीत तो साडेचार वाजता माझ्या खोलीत आला, टेबलाखाली शिरला आणि अर्ध्या मिनिटात बाहेर येऊन म्हणाला, "झालं, साहेब." तार सुटली होती. पत्रक पोहोचावयास उशीर झाला. त्याबद्दल खुलासा मागविण्यात आला, तेव्हा मी लिहिले, 'संगणक विभागाच्या दिरंगाईमुळे विलंब.' त्या मुलाने ते वाचले असणार. पण तो काहीच बोलला नाही.

पुढच्याच वर्षी सरकारने मला एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी अमेरिकेला पाठविले. दिवसा मी विद्यापीठात राज्यकारभाराचे धडे घेत असे. संध्याकाळ मोकळी असे, आणि तिकडच्या हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो. त्या गावात एक 'कम्युनिटी कॉलेज' होते. आपण त्याला लोकमहाविद्यालय म्हणू. तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी संगणकाची देखभाल आणि संगणकांची जोडणी यांचा वर्ग चाले. केवळ कुतूहलापोटी मी त्यात नाव घातले. त्या वर्गात मी जे शिकलो, त्याविषयी आज आपल्याशी बोलणार आहे.

प्रथम या संस्थेचा थोडासा पूर्ववृत्तान्त सांगितला पाहिजे. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तेथील शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या विचारविनिमयातून एक प्रयोग सुरू झाला. शाळा संपविलेल्या मुलांना गावातच, घरी राहून, महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण मिळावे, हा त्याचा हेतू होता. आरंभी विद्यार्थी होते सहा! दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ साली, परत येणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलण्याचा कायदा झाला; आणि १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर विणावे, अशी शिफारस केली. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले ते त्यानंतर. आज त्या देशात अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत.

त्यांचे वैशिष्ट्य एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की त्यांच्या दाराला उंबरठा नाही. शालान्त शिक्षण झालेले असले की प्रवेश मिळतो. गुणांच्या याद्या लागत नाहीत. शुल्क चार वर्षांच्या विद्यापीठांपेक्षा बरेच कमी असते. दोन वर्षांत सुमारे साठ श्रेयांक मिळविले की एक पदवी हाती पडते. ती घेऊन नोकरी करावी, अथवा ते श्रेयांक बरोबर घेऊन मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाऊन बसावे. 'श्रेयांक' हा शब्द, श्रोतेहो, ध्यानात ठेवावा. शिकलेल्या तासांचा तो एक प्रकारचा हिशेब आहे. आणि माझ्या गोष्टीच्या शेवटी त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

आमच्या वर्गात अठरा जण होतो. शाळेतून नुकतीच सुटलेली चार-पाच मुले सोडली, तर बाकीचे सगळे आयुष्याने एकदा तरी फटकारलेले. दोन मुलांची आई असलेली एक बाई होती. ती पहाटे एका बेकरीत काम करी, आणि मुले शेजारणीकडे ठेवून रात्री वर्गाला येई. सैन्यात मालमोटार चालविणारा एक तरुण होता. आणि माझ्या शेजारी बसणारे सत्तावन्न वर्षांचे एक गृहस्थ होते. त्यांनी कागदाच्या गिरणीत तीस वर्षे काढली होती आणि ती गिरणी बंद पडली होती. मुंबईतल्या गिरण्यांची १९८२ सालच्या संपानंतर काय दशा झाली, हे पाहिलेल्या पिढीतला मी. त्यामुळे त्यांची हकीकत मला परकी वाटली नाही. फरक एवढाच, की गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर ज्यात शिरता येईल असे एक दार त्यांच्या गावात उघडे होते.

आमचे शिक्षक दिवसा एका रुग्णालयाचे संगणक सांभाळीत आणि रात्री तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या मानधनावर शिकवीत. पहिल्या दिवशी त्यांनी व्याख्यान दिलेच नाही. टेबलावर एक संगणक ठेवला आणि म्हणाले, "हा बाहेरच्या जगाशी बोलत नाही. का, ते सांगा." आम्ही आपापली बुद्धी पाजळली. कोणी विषाणूचे नाव घेतले, कोणी दूरच्या यंत्रावर दोष ढकलला. मीही एक विद्वत्तापूर्ण तर्क मांडला. गिरणीतले गृहस्थ मात्र काही न बोलता उठले, खाली वाकले आणि मागची तार बोटाने दाबली. 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि संगणक बोलू लागला. तो 'टक्' असा आवाज मला दिल्लीतल्या टेबलाखालून आल्यासारखा वाटला.

मग शिक्षकांनी फळ्यावर सात आडव्या रेघा काढल्या. संगणकांच्या परस्पर संभाषणाचे सात थर मानण्याची एक पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ती १९८४ साली प्रसिद्ध केली. सर्वांत खाली तार आणि तीतून धावणारे संकेत, सर्वांत वर आपल्या डोळ्यांना दिसणारा मजकूर. शिक्षक म्हणाले, "बिघाड झाला की अर्धवट शिकलेला माणूस वरून खाली येतो आणि शहाणा माणूस खालून वर जातो." प्रथम तार पाहावी. तार नीट असेल तर जोडणीच्या खाचेजवळचा बारीक दिवा लुकलुकतो का, ते पाहावे. मग संगणकाला पत्ता मिळाला आहे का, ते पाहावे. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा एक पत्ता असतो, आणि कार्यालयात तो वाटून देणारे एक यंत्र असते. त्या वाटपदाराशी गाठ पडली नाही, तर संगणक स्वतःच स्वतःला एक पत्ता घेऊन बसतो आणि तो १६९ व २५४ या आकड्यांनी सुरू होतो. जाणकाराने हे आकडे पाहिले की समजावे, हे लेकरू घरचा पत्ता विसरले आहे. पत्ता ठीक असेल, तर जवळच्या यंत्राला हाक मारून ओ येते का, ते पाहावे. मग दूरच्या यंत्राला. ओ येते, पण नावाने हाक मारली की येत नाही, असे झाले तर दोष नावांच्या नोंदवहीत आहे. कारण माणसे नावे लक्षात ठेवतात आणि यंत्रे आकडे. त्या दोहोंची सांगड घालणारी एक निराळी व्यवस्था १९८३ पासून चालत आली आहे. एकेक शक्यता तपासावी, बाद करावी, वहीत लिहावी आणि मगच पुढे जावे. आपल्याकडच्या न्यायशास्त्राला हा मार्ग अपरिचित नाही. परंतु तो टेबलाखाली वाकून वापरावा लागतो, हे मला नवे होते.

त्यांनी एक इतिहासही सांगितला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री कॅलिफोर्नियात दोन दूरच्या संगणकांमध्ये पहिला संदेश गेला. इंटरनेटचा तो पूर्वज. पाठविणाराला 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. सुमारे तासाभराने, दुरुस्तीनंतर, पूर्ण शब्द गेला. अर्थात जाळे आणि त्याची दुरुस्ती यांचा जन्म एकाच रात्री झाला. आपण पहिल्याचे गोडवे गातो आणि दुसरी करणाऱ्याला 'तो संगणकवाला पोरगा' म्हणतो.

हाताने करावयाची कामेही होती. जोडणीच्या तारेत आठ रंगीत तारा असतात. त्या ठरलेल्या क्रमाने टोकाच्या चिमुकल्या खोबणीत बसवून चिमट्याने दाबावयाच्या असतात. त्या क्रमात एक खोच आहे. हिरव्या जोडीच्या दोन तारा शेजारी शेजारी येत नाहीत. त्यांच्या मध्ये निळी जोडी बसते. मी आपल्या सौंदर्यदृष्टीला अनुसरून एका टोकाला हिरव्याशेजारी हिरवी बसविली. तपासणीच्या यंत्रावर दिवे क्रमाने लागावयाचे. माझे तिसऱ्यानंतर पाचवा, सहावा आणि मग चौथा असे लागले. बेकरीत काम करणाऱ्या त्या बाईंनी माझे टोक कापून टाकले, माझ्या हातात नवे दिले आणि समोर बसून ते माझ्याकडून करवून घेतले. वर्गात सर्वांत सुबक तारा त्यांच्या असत. पिठाची नेमकी वळी वळणारी बोटे ती!

परंतु मला सर्वांत मोलाचा वाटला तो धडा यंत्राविषयीचा नव्हता. एका संध्याकाळी शिक्षकांनी आम्हांला फोनवर मदत कशी द्यावी, हे शिकविले. एकाने तक्रारदार व्हावे, दुसऱ्याने दुरुस्ती करणारा. सैनिक मित्राने मला विचारले, "तार नीट बसली आहे का?" शिक्षकांनी त्याला तिथेच थांबविले. "असे कधीही विचारू नका," ते म्हणाले. "या प्रश्नाने माणसाचा अपमान होतो, आणि अपमान झालेला माणूस न पाहताच 'हो' म्हणतो. तुम्ही म्हणा, 'कृपा करून तार एकदा काढून पुन्हा बसवा. कधीकधी तिच्यावर धूळ बसते.' म्हणजे त्याचा मान राहतो, तो खाली वाकतो, आणि तार सुटलेली असेल तर ती आपोआप बसते."

वर्ग हसला. मी हसू शकलो नाही. 'अपमान झालेला माणूस न पाहताच हो म्हणतो' हे माझेच चरित्र कोणी एका ओळीत लिहून फळ्यावर टांगावे, तसे मला झाले. त्या मुलाच्या बोलण्याची रीत चुकली असेल. पण त्याची विद्या अचूक होती. त्याने सर्वांत खालच्या थरापासूनच आरंभ केला होता. खोटी माहिती मी दिली आणि तिचा दोष मी त्याच्या माथी लिहिला.

या महाविद्यालयांचे मी केवळ कौतुक करावे, असा माझा हेतू नाही. त्यांच्या दारातून आत येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण सहा वर्षांतही पदवीपर्यंत पोहोचत नाहीत. आमच्याच वर्गातले अठराचे अखेरीस अकरा उरले. कोणाची पाळी बदलली, कोणाची गाडी मोडली, कोणाचे मूल आजारी पडले. दार उघडे असणे ही एक गोष्ट आणि आत टिकून राहणे ही दुसरी. शिवाय तिथेही प्रतिष्ठेची उतरंड आहेच. 'कम्युनिटी कॉलेजात जातो' हे वाक्य तिकडचे कित्येक लोक आवाज खाली आणून बोलतात. मात्र त्या देशात असेही घडले आहे, की एका राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, जिल बायडन, त्या पदावर असतानाही व्हर्जिनियातील अशाच एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत राहिल्या. टेनेसी राज्याने तर २०१४ साली कायदा करून शाळेतून नव्याने बाहेर पडणाऱ्यांना या महाविद्यालयांचे शुल्क माफ केले. गिरणीतले आमचे गृहस्थ अकरांत होते. अखेरची परीक्षा झाली त्या दिवशी त्यांनी आपली वही मला दाखविली. सोडविलेल्या प्रत्येक बिघाडाची तारीखवार नोंद तीत होती. ते म्हणाले, "गिरणीत मी यंत्राचा आवाज ऐकून दुखणे सांगत असे. हे यंत्र आवाज करीत नाही, म्हणून लिहावे लागते."

परत आल्यावर मी त्या इंदूरच्या मुलाची चौकशी केली. त्याचे कंत्राट संपले होते आणि त्याला पुन्हा नेमले नव्हते. माझ्या त्या शेऱ्याचा त्यात किती भाग होता, हे मला कोणी सांगितले नाही. आणि मी विचारले असते तरी सरकारी उत्तर मिळाले असते. मी ती जुनी फाइल मागविली आणि तिच्यात लिहिले की, 'पूर्वीचा खुलासा वस्तुस्थितीला धरून नव्हता. विलंबाचे कारण माझ्याच टेबलाखाली होते.' मिटलेल्या फायलीत अशी भर घालण्याचा काय उपयोग, असे माझ्या सहकाऱ्यांना वाटले. मलाही उत्तर देता आले नाही. मग त्याचा फोन मिळवून मी त्याला सर्व सांगितले.

तो आता इंदुरात संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवितो. माझे बोलणे ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "साहेब, आता मी कुणालाच 'तार नीट बसली आहे ना' असं विचारत नाही. 'एकदा काढून परत बसवा' म्हणतो. हे मी त्या दिवशी तुमच्याकडूनच शिकलो." जो धडा मी समुद्रापलीकडे जाऊन, शुल्क भरून, मानाने शिकलो, तोच त्याला माझ्या हातून असा मिळाला होता.

मी विचारले, "पुढे शिकला नाहीस?" तो हसला. "शिकलो की, साहेब. चार प्रमाणपत्रं आहेत माझ्याकडे. पण चार मिळून एक पदवी होत नाही."

श्रोतेहो, आपल्या देशात हे दार अगदीच नाही असे नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' हे सूत्र महाराष्ट्राला दिले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्या माणसांना शिकवीत आले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून संगणकाचे व्यवसाय शिकविले जातात. पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ साली लोकमहाविद्यालय काढले, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही ही कल्पना उचलून धरली. २०२१ मध्ये विद्यार्थ्यांचे श्रेयांक पेढीतल्या ठेवीसारखे जपून ठेवण्याची व्यवस्था आयोगाने केली, आणि २०२३ मध्ये व्यवसायशिक्षणाचे तासही त्याच हिशेबात धरण्याचा आराखडा सरकारने जाहीर केला. कागदावर मार्ग आखला गेला आहे. परंतु मी कागदांत वाढलेला माणूस आहे. आणि कागद कुठे अडतो, हे मला ठाऊक आहे. तो मनात अडतो. हाताने काम करणाऱ्याची विद्या आपण विद्याच समजत नाही. पदवीधराने शिकलेल्या तासाचे मोल आपण धरतो आणि टेबलाखाली वाकून शिकलेल्या तासाचे शून्य. मग चार शून्ये मिळून एक व्हावे तरी कसे?

त्या मुलाची प्रमाणपत्रे मी मागवून घेतली. ती कोणत्या विद्यापीठात, कोणत्या नियमाखाली, किती श्रेयांकांची धरता येतील, याचा पत्रव्यवहार मी त्याच्या वतीने चालविला आहे. दोन ठिकाणांहून नकार आला; एका ठिकाणी 'विचाराधीन' आहे. 'विचाराधीन' या शब्दाचा अर्थ मी आयुष्यभर लोकांना समजावून सांगत आलो. त्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे आता कुठे शिकतो आहे. इंदूरहून अधूनमधून फोन येतो. "साहेब, काही कळलं का?" असे तो विचारतो. मी म्हणतो, "अजून नाही. मी खालून वर चाललो आहे."